पलंगाखालचं पीठ

गल्लीत त्याला सगळे चष्मेवालाच म्हणत. खाली चष्म्याचं दुकान, वर घर, आणि निम्मं आयुष्य मधल्या जिन्यावर गेलेलं. बायकोसुद्धा पाहुण्यांसमोर थट्टेनं ‘आमचे चष्मेवाले’ म्हणायची. माणूस सरळ आणि हसतमुख. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसेपर्यंत न कंटाळता काड्या वाकवून देणारा. पण घरात दोन माणसांचं वाजलं की याच्या तोंडाला कुलूप लागायचं. तो वाईट नव्हता, भित्राही म्हणता येणार नाही. त्याला भांडण सोसायचं नाही, एवढंच.

त्याची आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तिच्या खोलीचं दार तेव्हापासून ओढून घेतलेलं होतं. ते उघडायचं निमित्त झालं सासऱ्यांच्या डोळ्यांचं. सासरे सुतार. जन्मभर लोकांच्या घरची दारं, कपाटं, पाळणे करत आले, आणि आता मोतीबिंदू इतका पिकला होता की समोरचा माणूस त्यांना आवाजावरूनच कळायचा. आपल्या गावी एकटेच राहायचे. चष्मेवाल्याच्या ओळखीत डोळ्यांचे चांगले डॉक्टर होते, तेव्हा त्यांना इथेच आणून ऑपरेशन करायचं ठरलं.

‘‘आईंच्या खोलीत झोपतील,’’ बायको म्हणाली. ‘‘पलंग भिंतीला लावून घेऊ, म्हणजे भिंत धरून बाथरूमपर्यंत जाता येईल.’’

सुट्टीच्या दिवशी दोघांनी गादी काढली आणि पलंगाला हात घातला. पलंग जुना होता, चष्मेवाल्याच्या आजीच्या वेळचा, उशाकडे वेलबुट्टी कोरलेला. आईचा त्यावर फार जीव. दोघांनी मिळून तो उचलला मात्र, उशाकडचा एक पाय आतल्या आत दुमडला आणि अख्खा पलंग कुशीवर कलंडला. खाली फरशीवर बारीक पिवळट पिठाचे छोटे छोटे ढीग होते, कुणीतरी चाळणीने चाळून ठेवल्यासारखे.

‘‘भिरूड,’’ बायको म्हणाली. सुताराची मुलगी ती, तिला वाकून बघायचीही गरज पडली नाही. लाकूड पोखरणारा किडा तिने लहानपणापासून पाहिला होता.

चष्मेवाल्याने खालून आपलं भिंग आणलं, बारीक स्क्रू बसवताना डोळ्याला लावायचा ते. पलंगाच्या खालच्या बाजूला, पायांच्या आत, आडव्या दांड्यांवर, जिकडे तिकडे टाचणीने टोचल्यासारखी भोकं. भिंग लावल्यावर त्याच्या लक्षात आलं की भोकं दोन तऱ्हेची आहेत. काहींच्या कडा ताज्या, आत कोरं लाकूड, तोंडाशी पीठ. आणि काही आतून काळसर, गुळगुळीत. त्यांच्या आत पॉलिश गेलेलं होतं.

तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. या पलंगाला पॉलिश एकदाच झालं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. लग्नाच्या आधी घरात सगळं नवं दिसायला हवं असं आईने मनावर घेतलं होतं, म्हणून नवरामुलगा बाह्या वर सरसावून, शीळ घालत, पलंग उलटापालटा करून पॉलिशचा हात मारत होता. भोकं तेव्हाही असणार. आनंदात होता, दिसली नाहीत. पण पॉलिश भोकात गेलं होतं, म्हणजे भोकं पॉलिशच्या आधीची होती. म्हणजे बायको या घरात पाऊल टाकायच्या आधीपासून कीड या घरात होती, आणि ती रोज आईच्या पाठीखाली होती.

‘‘काय झालं?’’ बायकोने विचारलं.

त्याने भिंग तिच्या हातात दिलं आणि कुठे बघायचं ते दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. मग भिंग पुसून त्याला परत दिलं.

‘‘हं,’’ ती म्हणाली.

ती नुसतं ‘हं’ का म्हणाली हे कळायला मागचं थोडं सांगायला हवं.

लग्नात सुताराने मुलीला एक कपाट दिलं होतं. दुकानातून आणलेलं नव्हे, स्वतःच्या हाताने केलेलं. सागवानी, दोन दारांचं, आत एक चोरखण. दार लावलं की असं अलगद बसायचं की शेवटी आतली हवा उसासा टाकल्यासारखी बाहेर यायची. गल्लीतल्या बायका नुसतं ते दार उघडझाप करून बघायला येत. सासूबाईंनी त्याचं कौतुक केलं, पण जरा हात राखूनच. त्यांच्या पलंगाकडे बघणारं आता कोणी उरलं नव्हतं.

पुढे मुलगी झाली, आणि ती रांगायला लागली त्या सुमाराला कपाटाच्या मागे फरशीवर पीठ दिसलं. सासूबाईंनीच पाहिलं. घर डोक्यावर घेतलं त्यांनी. ‘तुझ्या बापाच्या घरून कीड आली, आता घरभर पसरेल, लेकरू तेच पीठ तोंडात घालील,’ असं दोन दिवस चाललं. सुनेने मागची बाजू झाडली, रॉकेलचा हात मारला, पण पीठ पुन्हा पडलं. मग एका दुपारी सासूबाई मुलाला म्हणाल्या की एक तर हे कपाट घरात राहील, नाहीतर मी.

सुनेने कपाट स्वतःच रिकामं केलं. एकेक घडी काढून पलंगावर ठेवली, याच पलंगावर. शेजारच्या माणसाला हाताशी घेऊन चष्मेवाल्याने कपाट मागच्या अंगणात नेलं. तिथे ती त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘‘मागची फळी तेवढी बदलली तर नाही का चालणार? कीड त्या फळीलाच दिसतेय. पुढे काहीच नाहीये हो.’’

‘‘आता नको तो विषय,’’ तो म्हणाला. खिडकीत आई उभी होती.

सागवान लवकर पेटत नाही. त्या दिवशी चष्मेवाल्याला पुन्हा पुन्हा रॉकेल ओतावं लागलं. बायको आत मुलीला झोपवत होती. त्या दिवसानंतर त्या कपाटाचं नाव घरात निघालं नाही. तिने आदळआपट केली नाही की माहेरी निघून गेली नाही. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं तिनेच काढलं. चष्मेवाल्याने मनाची समजूत घातली होती की झालं ते झालं, ती विसरली.

ती विसरली नव्हती, कारण तिला विसरायची सोयच नव्हती. बाबांचा फोन आला की ते हटकून विचारायचे, कपाट काय म्हणतंय? आणि ती म्हणायची, छान आहे बाबा, दार अजून तसंच बसतं. इतकी वर्षं तिने ते कपाट फोनवर जपलं होतं.

मुलीच्या घरी जाऊन राहायचं नाही म्हणून बाबा आजवर इथे कधी आले नव्हते, आता तेच राहायला येणार होते. त्यासाठी तिने गोष्ट तयार ठेवली होती. मुलगी नोकरीला दूरच्या शहरात होती, तिने नवं घर मांडलं तेव्हा कपाट तिच्याकडे पाठवलं असं सांगायचं. मुलीलाही तिने तसं पढवून ठेवलं होतं.

त्या दिवशी पलंगाशेजारी बसल्या बसल्या चष्मेवाला म्हणाला की ही ब्याद आधी घराबाहेर काढू, भंगारवाल्याला देऊन टाकू, नाहीतर सरळ जाळून टाकू. बायको फरशीवरचं पीठ सुपलीत भरत होती.

‘‘एक जाळलं तेवढं पुरे,’’ ती म्हणाली. ‘‘याला औषध करायचं.’’

जुनं फर्निचर दुरुस्त करणारा एक माणूस बाजाराच्या मागच्या रस्त्याला बसायचा. त्याला बोलावलं. अंगाने आडवा, तोंडाने तिखट, बोलायला लागला की थांबायचा नाही. पलंगाभोवती फेरी मारून, पटाशीच्या टोकाने इथे तिथे टोचून तो म्हणाला, ‘‘किडा म्हणजे भाडेकरू हो. एकदा शिरला की नोटीस देऊन जात नाही. आपल्याला भोक दिसतं ते तो निघून गेल्याचं. आत खायला बसलेला असतो तो दिसतच नाही.’’ एक पाय पार गेला आहे, तो नवा करून देतो, बाकीचा पलंग वाचतो, असं त्याने सांगितलं. औषध कुठलं, सिरिंजने प्रत्येक भोकात कसं सोडायचं, मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कसं हवाबंद ठेवायचं, शेवटी भोकं मेणाने कशी बुजवायची म्हणजे नवीन भोक पडलं तर लगेच कळतं, हे सगळं त्याने बायकोला समजावलं, कारण प्रश्न तीच विचारत होती.

शेवटी तिने विचारलं, ‘‘आणि समजा एखाद्या कपाटाची नुसती मागची फळी किडली असेल तर?’’

‘‘मग काय, फळी काढून फेकायची, दुसरी ठोकायची, कडेला औषध फिरवायचं. एका दुपारचं काम.’’ तो हसला. ‘‘चहा दोन वेळा घेऊनसुद्धा.’’

ती मान हलवत ऐकत होती. चष्मेवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पलंग मागच्या पडवीत नेला. पुढचे काही दिवस ती शाळेतून शिकवून आली की दोघं नाकातोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून तिथे बसत. तो भिंगातून भोक शोधायचा, ती सिरिंज लावायची. कधी एका भोकात औषध सोडलं की ते वीतभर लांबच्या दुसऱ्याच भोकातून बाहेर यायचं. काम फार जवळून करायचं, डोक्याला डोकं लागेल इतकं, पण बोलणं असं काही व्हायचं नाही. बरेचदा त्याच्या ओठांवर यायचं, की माझं चुकलं. पण तेवढ्यात ती म्हणायची, ‘‘जरा उजेड इकडे धरा,’’ आणि तो उजेड धरायचा.

सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून झालं आणि सासरे आले. त्यांची झोपायची सोय पुढच्या खोलीतल्या दिवाणावर केली. नातीकडे कपाट गेल्याची गोष्ट बायकोने बापाला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकली, आणि त्यांना ती आवडली. नातीपर्यंत पोचलं म्हणजे बघा, असं ते दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली होती. चष्मेवाला दुकान उघडायच्या आधी सासऱ्यांना घेऊन पडवीत चहा प्यायला बसला. म्हाताऱ्याने कप तोंडाला लावायच्या आधीच नाक वर केलं.

‘‘भिरुडाचं औषध मारलंय का?’’

चष्मेवाल्याने पलंगाचं सांगितलं. सासरे उठले, चाचपडत पलंगापाशी गेले आणि प्लॅस्टिकवरून हात फिरवत राहिले. किती दिवस झाकून ठेवणार, मेण लावणार का, पाय कुठल्या लाकडाचा केला, सगळं त्यांनी विचारून घेतलं. आणि मग म्हणाले, ‘‘नातीला फोन करा जावईबापू. म्हणावं, कपाट भिंतीपासून ओढ आणि मागची बाजू बघ. एका घरात होती कीड म्हणजे त्यालाही लागली असेल. पोरीलाच सांगितलं असतं, पण ती लगेच घाबरते.’’

इथे चष्मेवाल्याने ‘बरं’ म्हणायचं होतं. एक शब्द. जन्मभर त्याने असे ‘बरं’ किती म्हटले असतील. पण पॉलिशची ती काळी भोकं पाहिल्यापासून त्याला कुणाला तरी सगळं सांगून टाकायचं होतं, आणि बायकोसमोर ते बाहेर येत नव्हतं. आंधळ्या माणसासमोर बोलणं सोपं असतं. तो बोलून गेला.

‘‘बाबा, कपाट नाहीये. मी ते जाळलं.’’

आणि मग थांबता येईना. आईचं बोलणं, मुलीचं रांगणं, अंगणात ओतलेलं रॉकेल, बायको काय म्हणाली आणि आपण काय म्हणालो, आता पलंगात काय सापडलं, सगळं त्याने सांगितलं. तुमच्या कपाटात दोष नव्हता बाबा, कीड आमच्याच घरची होती, असंही सांगितलं. बोलताना त्याला रडू आलं, आणि संपल्यावर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं हलकं वाटलं.

सासरे अजून पलंगापाशीच उभे होते. त्यांचा हात प्लॅस्टिकवरच होता.

‘‘मागच्या बाजूला होती म्हणालात ना कीड?’’

‘‘हो. फक्त मागच्या फळीला.’’

‘‘ती फळी सागवानी नव्हती,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘मला सागवान कमी पडलं. लग्न तोंडावर आलेलं. खोक्यांच्या फळ्या पडल्या होत्या, मशिनरीची मोठी खोकी येतात ना, त्यांच्या. म्हटलं, मागची बाजू भिंतीला जाणार, कोण बघतंय. रंधा मारला, रंग जुळवला आणि ठोकून दिली. कीड त्यातच असेल. तुमच्या पलंगाची ती वेगळी.’’

‘‘नाही हो बाबा, पलंगातूनच…’’

‘‘तुमची आई बरोबरच बोलत होती,’’ सासरे म्हणाले. ‘‘कीड माझ्याच घरून गेली.’’

चष्मेवाल्याने परोपरीने सांगून पाहिलं. पण ज्या समाधानासाठी तो बोलला होता ते त्याच्यापाशी राहिलं आणि दुखणं उठून समोरच्या माणसाच्या अंगावर जाऊन बसलं, हे त्याला त्या पडवीतच कळून चुकलं. चहा तसाच निवला.

बायकोला हे त्याने सांगितलं नाही, सासऱ्यांनीही नाही. पण म्हाताऱ्याचा नूर पालटला तो तिच्या नजरेतून सुटणार नव्हता. डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं, पट्टी निघाली, डॉक्टर खूश. बाबा मात्र जेवताना मध्येच थांबून विचारायचे, आपल्या मागच्या आळीतल्या त्या बाईंना मी कपाट केलं होतं ते कोणत्या साली गं? शाळेच्या वाचनालयाची मांडणी मी खोक्याच्या फळ्यांचीच केली होती ना? आणि तो पाळणा? तिने एकदा दोनदा हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी ते तिला म्हणाले, ‘‘पोरी, इतकी वर्षं तू मला सांभाळून घेतलंस,’’ आणि तिला सगळं कळलं.

तेव्हा ती खाली दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरच्या पलीकडे उभी राहिली, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे.

‘‘तुम्ही बाबांना सांगितलंत.’’

त्याने मान खाली घातली. ‘‘खोटं बोलवेना गं. मला वाटलं, निदान आता तरी…’’

‘‘इतकी वर्षं मी खोटं बोलले ते मला खोटं बोलायला आवडतं म्हणून नाही.’’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘‘त्यांना ते कपाट आहे असं वाटत होतं. तेवढंच होतं त्यांच्याकडे. तुम्हाला मोकळं व्हायचं होतं तर माझ्याकडे यायचंत. पडवीत रोज माझ्या शेजारी बसत होतात.’’

‘‘तुझ्याजवळ बोलायचा धीर झाला नाही.’’

‘‘हो. आईंजवळही झाला नाही.’’ तिने काउंटरवरचा एक चष्मा काड्या मिटवून बाजूला ठेवला. ‘‘मला कपाटाचं दुःख होतं, नाही असं नाही. पण त्याच्यावाचून माझं अडलं नसतं. तुम्ही आईंना एकदा ‘थांब’ म्हणाला असतात, आणि मग त्यांनी हट्टाने जाळलं असतं, तरी मी काही म्हटलं नसतं.’’

‘‘वाद वाढला असता.’’

‘‘वाढला असता,’’ ती म्हणाली आणि वर निघून गेली.

चष्मेवाल्याने आपल्या परीने एक शेवटचा प्रयत्न केला. पलंगाचं प्लॅस्टिक काढलं त्या दिवशी त्याने सासऱ्यांना भिंग दिलं, खाली बसवलं, पॉलिशवाली भोकं दाखवली. नव्या डोळ्यांनी म्हाताऱ्याने ती नीट पाहिली. कीड इथली होती हे त्यांनी मान्य केलं. ‘‘इथलीही असेल,’’ ते म्हणाले, ‘‘आणि तिकडचीही असेल. किड्याला काय, एकाच घरून यावं असं थोडंच आहे.’’ मग उठता उठता त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत असं काही मला म्हणता येत नाही, जावईबापू. पण आता ऐकलंय, ते न ऐकल्यासारखं कसं करू?’’

आणि ते आपल्या गावी परत गेले.

काही आठवड्यांनी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. तक्रार नव्हती, काळजी होती. तुमचे वडील घरोघर जातात, मी केलेलं कपाट दाखवा म्हणतात, भिंतीपासून ओढून मागची फळी तपासतात. कोणी चहा पाजतं, कोणी दारातूनच वाटेला लावतं. काल एका घरी एकट्यानेच कपाट ओढायला गेले आणि पाठ धरली. जरा येऊन समजवा त्यांना.

बायको शाळेतून रजा घेऊन निघाली. चष्मेवाला म्हणाला, मीही येतो. ती म्हणाली, नको. बॅगेत तिने सिरिंज आणि औषधाची उरलेली बाटली घातली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती समजवायला चाललेली नाही.

ती गेल्यावर घर त्याला खायला उठलं. पलंग आता आईच्या खोलीत परत गेला होता, नव्या पायावर भक्कम उभा, मेणाने बुजवलेल्या भोकांशेजारी एकही नवं भोक नाही. त्यावर झोपणारं कोणी नव्हतं. फोनवर ती दोन शब्द बोलायची, बाबा बरे आहेत, आज दोन घरं झाली. दुकानात तो गिऱ्हाइकांना चुकीचे चष्मे द्यायला लागला, एकाचा दुसऱ्याला. शेवटी एका सकाळी त्याने शटर उघडलंच नाही आणि बस धरली.

सासऱ्यांच्या घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, वाचनालयात गेलेत दोघं. तिथे अंगणात पुस्तकांचे गठ्ठे रचलेले होते आणि मधोमध एक लांबलचक मांडणी पालथी घातलेली. बायको सिरिंज घेऊन गुडघ्यांवर बसली होती. म्हातारा कमरेला पट्टा बांधून एका टोकाची फळी उचकटायच्या खटपटीत होता, आणि ती दुसऱ्या टोकाने वर येत नव्हती.

चष्मेवाला फाटकात उभा राहिला. बायकोने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. ती पुन्हा कामाला लागली.

‘‘जावईबापू, आलात होय,’’ सासरे म्हणाले. ‘‘ते टोक धरा. ओढू नका, नुसतं धरा.’’

त्याने पिशवी खाली ठेवली आणि टोक धरलं. फळी किरकिरत सुटली. खोक्याचीच होती, एका बाजूला अजून काळ्या शाईची पुसट अक्षरं होती. म्हाताऱ्याने ती उजेडात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, उलटी करून पाहिली, नखाने टोकरून पाहिली. तिला कीड नव्हती. एवढ्या वर्षांत एक भोकसुद्धा पडलं नव्हतं.

‘‘चांगली आहे हो बाबा,’’ चष्मेवाला म्हणाला.

‘‘ही चांगली आहे,’’ म्हातारा म्हणाला. त्याने फळी बाजूला ठेवली आणि दुसरीचे खिळे सैल करायला घेतले. बायकोने त्या फळीचं टोक धरायला चष्मेवाल्याला जागा करून दिली.